तळटीप : अथेन्सचे राजधानीपण
अथेन्स शहर प्राचीन आहे, पण ग्रीसची राजधानी ते १८३४पासूनच. प्राचीन काळी ग्रीस हे एक राज्यच नव्हते, नगरराज्ये होती. इ.स.पू. ४५४मध्ये डेलोस बेटावरचा नगरराज्यांच्या संघाचा खजिना अथेन्सला हलवला गेला, तेव्हा ते सागरी साम्राज्याचे केंद्र होते, हा आक्षेप रास्त आहे, परंतु इ.स.पू. ४०४च्या शरणागतीने ते साम्राज्य संपले, आणि स्पार्टा तर कधीच त्याच्या अंकित नव्हते. पुढे रोमन, बायझंटाइन व ऑटोमन अमलात सत्तेचे ठाणे अन्यत्र राहिले. स्वतंत्र ग्रीसचा कारभारही आधी नाफ्प्लिओतून चाले. राजा ओटोच्या राजवटीने अथेन्स निवडले तेव्हा ते युद्धाने मोडून पडलेले, काही हजार वस्तीचे गाव होते. निवडीमागे पेरिक्लिसच्या काळाची पुण्याई होती. या निवडीची किंमत मधल्या शतकांना मोजावी लागली, आणि ती फार मोठी होती असे आम्हांस वाटते. अक्रोपोलिसवरचे पार्थेनॉन मंदिर आधी चर्च, मग मशीद झाले होते. १६८७च्या व्हेनिशियन तोफमाऱ्यात ते फुटले. स्वातंत्र्यानंतर मात्र अक्रोपोलिसवरची उत्तरकालीन बांधकामे हेतुपुरस्सर हटवली गेली. तेथील मध्ययुगीन बुरूज १८७५मध्ये पाडला गेला. त्याचा खर्च ट्रॉयचा उत्खननकर्ता श्लीमान याने दिला.