ख्रिस्ताचा मृत्यू व पुनरुत्थान

येशू ख्रिस्ताचा क्रूसावरील मृत्यू आणि तिसऱ्या दिवशी झालेले त्याचे पुनरुत्थान हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मानला जातो. रोमन सुभेदार पंतय पिलात (कारकीर्द इ.स. २६–३६) याच्या आज्ञेने येशूला यरुशलेम येथे क्रूसावर खिळण्यात आले. मराठी बायबलमध्ये क्रूसासाठी ‘वधस्तंभ’ हा शब्द रूढ आहे.

मृत्यूचा अर्थ

येशूने मानवजातीच्या पापांसाठी प्राण अर्पण केला, अशी नव्या कराराची शिकवण आहे. ती मांडताना गुलामाच्या सुटकेसाठी दिलेली खंडणी, वल्हांडण सणातील कोकऱ्याचा बळी, दुरावलेल्यांचा समेट अशी निरनिराळी रूपके योजलेली आहेत. पुढे कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (१०३३–११०९) याने या मृत्यूकडे पापामुळे झालेल्या ईश्वराच्या अवमानाची भरपाई म्हणून पाहिले. पीटर अबेलार्ड (१०७९–११४२) याने मानवी हृदय पालटणाऱ्या ईश्वरी प्रेमावर भर दिला, तर जॉन कॅल्व्हिन (१५०९–१५६४) याच्या मते पाप्यांना होणारी शिक्षा ख्रिस्ताने स्वतः भोगली. नायसियाचा मतांगीकार मात्र ख्रिस्त ‘आमच्यासाठी’ क्रूसावर गेला एवढेच सांगतो. यांपैकी कोणत्याही एका उपपत्तीचा पुरस्कार करीत नाही.

पुनरुत्थानाचा अर्थ

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे, किंवा मृताने पूर्वीच्याच नश्वर जीवनात परतणेही नव्हे. शुभवर्तमानानुसार येशूने लाजरस याला जिवंत केले. परंतु तो पुन्हा मर्त्य जीवनच जगू लागला. येशू मात्र पुन्हा कधीही न मरण्यासाठी उठला, अशी श्रद्धा आहे. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ ठरतो आणि माणूस अजून पापातच आहे, असे प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय १५) म्हटले आहे. त्यामुळे पुनरुत्थानावाचून क्रूसावरील मृत्यू हा केवळ एका निरपराध्याचा देहदंड ठरतो. पुनरुत्थानामुळेच श्रद्धावंतांना त्यात तारणाचा अर्थ दिसतो. पौल ख्रिस्ताला मृतांमधील ‘प्रथमफळ’ म्हणतो, म्हणजे पहिल्या पिकामागून उरलेले पीक यावे तसे इतरांचेही पुनरुत्थान होईल.

उपासनेतील स्थान

पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले म्हणून रविवार हा उपासनेचा दिवस ठरला. बाप्तिस्म्यात श्रद्धावंत ख्रिस्ताबरोबर मरून नव्या जीवनात प्रवेश करतो, अशी धारणा आहे. प्रभुभोजनात त्याच्या मृत्यूचे स्मरण केले जाते. गुड फ्रायडे हा शोकाचा, तर ईस्टर हा आनंदाचा दिवस असला, तरी उपासनेच्या दृष्टीने हे दोन्ही दिवस एकाच सोहळ्याचे भाग आहेत.