शिकल, शिकलगार आणि रायफलीचा बोल्ट

वाशीमचे नाव निघाले की भाषाभ्यासकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट आणि त्यातील प्राकृत व संस्कृत यांची सरमिसळ. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र तांबे नसून लोखंड आहे. वाशीम जिल्ह्यातील एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या भागातील हत्यारे व अवजारे यांच्या नावांची यादी करून आणली. तीत बंदुकीच्या भागांपुढे नळी, दस्ता, घोडा, चाप, गज असे शब्द होते; रायफलीच्या बोल्टापुढील रकाना मात्र रिकामा होता. येथे काय लिहावे, असे त्याने विचारले. ‘अर्गला’ असा एखादा संस्कृत शब्द सुचविणे सोपे होते. परंतु कोणाच्याही तोंडी नसलेला शब्द लिहून रकाना भरणे यास नोंद म्हणता येत नाही. त्या रिकाम्या रकान्याचे कारण शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

बंदुकीच्या धातूवर अखेरचा हात फिरविणाऱ्या कारागिरास मराठीत शिकलगार म्हणतात. या शब्दाचा ‘शिकणे’शी किंवा ‘शिकारी’शी काहीही संबंध नाही, हे वर्गात दरवर्षी सांगावे लागते. मूळ अरबी धातूचा अर्थ घासून चकचकीत करणे असा असून ‘सैकल’ म्हणजे झिलई, आणि फारसी ‘सैकलगर’ म्हणजे ती करणारा. हिंदीने ‘सिकलीगर’ असा दंत्य सकार राखला. मराठीने इकारापूर्वीच्या सकाराचा आपल्या प्रवृत्तीप्रमाणे शकार केला. सिपाहीचा शिपाई, सिक्क्याचा शिक्का, सिलाहदाराचा शिलेदार ज्या वाटेने झाला, त्याच वाटेने शिकलगार आला. प्रत्ययातील दीर्घ आकार ‘कामगार’, ‘खिदमतगार’ अशा शब्दांच्या साम्याने आला असावा. सारांश, हा शब्द केवळ दप्तरात पडून राहिलेला नव्हे. बोलणाऱ्यांच्या जिभेवर तो झिजलेला आहे, म्हणजे ते काम लोकांच्या डोळ्यांसमोर चालत होते. सोन्याला ओप, भांड्याला कल्हई आणि शस्त्राला शिकल, हा भेद भाषेने जपला यावरूनही तेच दिसते.

या कामाचे वर्णन आईन-इ-अकबरीत मिळते. ज्या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये बासीम म्हणजे वाशीमची नोंद आहे, त्याच ग्रंथात अबुल फजल बंदुकीची नळी कशी घडवितात ते सांगतो. लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळावयाची, वळ्यांच्या कडा नुसत्या एकमेकींस न भिडविता एकीवर एक आणावयाच्या आणि मग भट्टीत हळूहळू तापवून जोडावयाच्या. अशी नळी कितीही कुशलतेने घडविली तरी ती साफ केल्यावाचून उपयोगाची नसते. त्यासाठी अकबराने एक चाक योजिले होते. ते गाय फिरवीत असे आणि थोड्या वेळात सोळा नळ्या साफ होत. तयार बंदुकीवर कारागीर, ठिकाण व तारीख कोरली जाई, असेही अबुल फजल नोंदवितो. दरबारी ग्रंथात घडविणाऱ्याबरोबर साफ करण्याच्या यंत्राचीही दखल घेतलेली असावी, हे मला विशेष वाटते.

आता बोल्टाकडे वळू. प्रशियाने १८४१ मध्ये ड्रायझेची सुईची बंदूक स्वीकारली, तेव्हापासून दांडी फिरवून मागचा दट्ट्या उघडण्याची ही रचना लष्करात रूढ होत गेली; १८९८ च्या माउझरमध्ये तिला बरेचसे स्थिर रूप आले. त्या बोल्टाच्या पुढच्या टोकास दोन कान असतात. बोल्ट फिरविला की ते खाचांत अडकतात आणि काडतुसाच्या स्फोटाचा दाब सोसतात. मागचा तिसरा कान केवळ संकटकाळासाठी असतो. पाश्चात्त्य देशांत गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार रायफल बांधून देणारे कारागीर आजही जुने माउझर घेऊन त्यांचे धातूकाम नव्याने करतात. यंत्राचे ओरखडे बारीक दगडाने काढावयाचे, बोल्ट आपल्या मार्गात न अडखळता सरकेल असा करावयाचा, आणि दोन्ही कान सारखे टेकतील असे पाहावयाचे. येथे खरी परीक्षा थांबण्याची असते. जुन्या माउझरचे पोलाद आतून मऊ व वरून कठीण केलेले असते. चकाकीच्या मोहाने ती कठीण त्वचा घासली गेली, तर दिसावयास सुंदर वस्तू वापरावयास धोक्याची होते. लाख व कुरुंदाच्या सहाणेवर तलवार धरणाऱ्या शिकलगारास हे वेगळ्या शब्दांत ठाऊक होते: पाणी दिलेली धार तापली की उतरते.

मग हीच विद्या असलेल्या माणसांनी बोल्टास नाव का दिले नाही? घोडा आणि चाप ही नावे जुन्या बंदुकी उघडणाऱ्या, जोडणाऱ्या हातांनी दिली. बोल्टाची रायफल आली ती कारखान्यातून. बंगालमधील ईशापूरला विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती बनू लागली. तिचे भाग परस्पर बदलण्याजोगे होते, आणि तिची देखभाल पलटणीच्या किंवा पोलिसांच्या शस्त्रागारात होई. वाशीमहून फार दूर नसलेल्या हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती, पण तिच्या शस्त्रागाराची भाषा गावाची भाषा नव्हती. त्याआधीच १८७८ च्या हत्यार कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र बनविणे, विकणे व बाळगणे परवान्याच्या कक्षेत आले होते. वऱ्हाड १८५३ च्या तहापासून इंग्रजी कारभाराखाली होता, तरी नावाने निजामाचाच. कायदे तेथे स्वतंत्र हुकुमांनी लागू होत. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्याने बंदुकीची दुरुस्तीही परवान्याखालील कामांत स्पष्टपणे घातली. या बंधनांची योग्यायोग्यता हा येथील विषय नव्हे. इतकेच की शिकलगार विळा, सुरी आणि कात्रीकडे वळला, आणि बोल्ट त्याच्या सहाणेपाशी कधी आलाच नाही. नटाबरोबरचा बोल्ट प्रत्येक सायकलीच्या दुकानात मराठी झाला. रायफलीचा झाला नाही.

त्या विद्यार्थ्यास मी रिकाम्या रकान्यात ‘बोल्ट’ असेच लिहावयास सांगितले. यादी पुन्हा चाळताना ध्यानात आले की तीत धार होती, कानस होती, सहाण होती, पण शिकल नव्हती. ती आम्ही त्याच दिवशी घातली. आता तो शब्द अजून कोणाच्या तोंडी आहे का, हे विचारण्यास तो रिसोड आणि मंगरुळपीरच्या बाजारांत जाणार आहे.