पारख सेंटरची

स्काउट म्हटले की आपल्यापुढे खाकी गणवेश, गळ्यातला स्कार्फ आणि शाळेच्या मैदानावरचे तंबू उभे राहतात. आज मी ज्या स्काउटविषयी बोलणार आहे तो वेगळा. तो उत्तर इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या क्लबांसाठी पोरे हेरत हिंडतो. थंडीवाऱ्यात मैदानाच्या कडेला उभा राहतो, कोटाच्या खिशातून छोटी वही काढतो, दोन शब्द लिहितो आणि कोणाशी न बोलता निघून जातो. त्या दोन शब्दांवर एखाद्या मुलाचे गाव, घर आणि नशीब बदलते.

अशा एका माणसाचा शेजार मला लाभला. १९७० च्या दशकात मी कापड गिरणीच्या यंत्रांच्या कामासाठी दोन वर्षे यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डला होतो. लोकरी कापडाचे हे गाव. शेजारचे म्हातारबाबा गिरणीत जॉबर म्हणून राबून निवृत्त झालेले. तरुणपणी स्वतः खेळले होते आणि उतारवयात जवळच्या एका क्लबासाठी स्काउटचे काम करीत होते. रविवारी सकाळी एकटा बसलेला दिसलो की ते मला बरोबर न्यायचे. मला खेळाचे ओ की ठो कळत नव्हते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला तेरा खेळाडू. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकवायचा. त्याला ‘ट्राय’ म्हणतात. हाताने चेंडू द्यायचा तो फक्त मागच्या बाजूला. समोरचे लोक पळणाऱ्याला पकडून पाडतात. सहा वेळा पाडले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. कबड्डीतली पकड पाहिलेल्या माणसाला हा खेळ परका वाटत नाही.

या तेरा जणांत दोन ‘सेंटर’ असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला, मैदानाच्या कडेशी, विंगर. विंगर म्हणजे वाऱ्यासारखा पळणारा. ट्राय बहुतेक त्याच्या नावावर लागतात आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. सेंटरचे काम त्याच्या आधीचे. समोरच्या बचाव करणाऱ्याला आपल्या अंगावर घ्यायचे, तो पुरता अडकला की नेमक्या क्षणी चेंडू बाहेर सोडायचा. क्षणभर आधी सोडला तर तो माणूस विंगरकडे वळतो आणि क्षणभर उशीर झाला तर चेंडूसकट आपणच खाली. बचावात तर याहून कठीण. समोरून दोघे येत असतात, एकालाच धरता येते आणि चुकीचे पाऊल पडले की मागे मोकळे मैदान.

पहिल्या दिवशी मी एका उंच, दांडग्या मुलाकडे बोट दाखवले. तो तिघांना अंगावर घेऊन पळाला होता. बाबा म्हणाले, “तो लवकर वाढलाय, इतकंच. दोन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतील, मग हा काय करणार?” त्यांनी वहीत नाव लिहिले ते दुसऱ्याच, किडकिडीत मुलाचे. त्या मुलाने एकही ट्राय केली नव्हती. “चेंडूकडे पाहू नकोस. त्याच्या शेजारच्या विंगरला किती मोकळी जागा मिळते ते पाहा. पोरगा चांगला असेल तर ते शेजाऱ्याच्या खेळात दिसतं.”

सेंटरच्या पारखीची सगळी अडचण या वाक्यात आहे. त्याचे गुण त्याच्या नावावर जमा होत नाहीत. म्हणून तो शोधायला आकडे पुरत नाहीत, नजर लागते. या नजरेचा इतिहास हडर्सफील्डमध्येच सुरू होतो.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी तिथल्या रेल्वे स्थानकाजवळच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांची बैठक झाली आणि वीसहून अधिक क्लब मूळ रग्बी युनियनमधून फुटले. भांडण साधे होते. गिरणीत आणि खाणीत काम करणारा माणूस शनिवारी खेळायला गेला की त्याचा रोज बुडे. तो भरून द्यावा, दिवसाला कमाल सहा शिलिंग, एवढीच नव्या संघटनेची मूळ मागणी. युनियनच्या धुरिणांना खेळात पैसा म्हणजे विटाळ वाटे. १८९८ मध्ये नव्या संघटनेने पगारी खेळ मान्य केला, पण खेळाडूला दुसरी खरी नोकरी असलीच पाहिजे ही अट घालून. आता पैसे मोजायचे म्हटल्यावर माल पारखून घेणे आले, आणि स्काउट आला.

१९०६ मध्ये संघातले खेळाडू पंधरावरून तेरा झाले. मैदान तेवढेच, माणसे कमी, त्यामुळे जागा मोकळी झाली आणि त्या जागेचा उपयोग करणाऱ्या सेंटरला महत्त्व आले. त्याच हंगामात हडर्सफील्डने जवळच्या होल्मफर्थ गावच्या हॅरॉल्ड वॅगस्टाफ नावाच्या मुलाला मैदानात उतरवले. त्याचे वय होते १५ वर्षे १७५ दिवस. करारासाठी त्याला पाच सोन्याची नाणी मिळाली असे सांगतात. सतराव्या वर्षी तो इंग्लंडकडून खेळला, पुढे ‘सेंटरांचा राजपुत्र’ म्हणून ओळखला गेला आणि त्याच्या नेतृत्वाखाली हडर्सफील्डने १९१४-१५ च्या हंगामात चारही चषक जिंकले.

४ जुलै १९१४ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेल्या कसोटीत तो ब्रिटनचा कर्णधार होता. एकामागून एक माणसे जायबंदी होत गेली आणि काही काळ ब्रिटनचे दहाच खेळाडू उरले. तरी सामना १४-६ असा जिंकला. त्यातली गाजलेली ट्राय केली ती जॉन्सन नावाच्या, नाइलाजाने विंगवर उभ्या केलेल्या फॉरवर्डने. वॅगस्टाफने समोरच्याला अंगावर घेतले आणि चेंडू जॉन्सनकडे सोडला. धावफलकावर नाव जॉन्सनचे. बाबांचे वाक्य इथे किती तंतोतंत लागू पडते पाहा.

उत्तरेतल्या क्लबांना आपल्या गावचा मुलगा बोलावणे सोपे होते. खरा कस लागला तो वेल्समध्ये. वेल्स हा रग्बी युनियनचा बालेकिल्ला. तिथला मुलगा लीगकडे गेला की युनियनचे दार त्याला कायमचे बंद. चाचणीचा एक सामना खेळल्याचे उघड झाले तरी बंदी येई. त्यामुळे स्काउट चोरपावलांनी येत. गावातला एखादा जुना खेळाडू किंवा गुत्तेवाला खबर देई. चाचणीच्या दिवशी संघाच्या यादीत मुलाच्या नावाऐवजी ‘ए. एन. अदर’, म्हणजे ‘आणखी कोणी एक’ एवढेच छापत. पसंत पडला तर रात्री घरी जाऊन रोख रक्कम टेबलावर ठेवायची.

१९२९ मध्ये कार्डिफचा सतरा वर्षांचा गस रिस्मन असाच सॅल्फर्ड क्लबात आला. त्याचे आईवडील लॅटव्हियाहून आलेले. सॅल्फर्डचा व्यवस्थापक लान्स टॉड हा न्यूझीलंडचा, स्वतः एके काळचा नावाजलेला सेंटर. त्याने आणलेला हा मुलगा मोठा सेंटर झाला, १९४६ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर ब्रिटनचा कर्णधार झाला आणि १९५२ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने वर्किंग्टन संघाला चॅलेंज कप जिंकून दिला.

रिस्मनचा जन्म ज्या टायगर बे भागात झाला, तिथेच बिली बोस्टन १९३४ मध्ये जन्मला. ही कार्डिफच्या गोदीजवळची वस्ती. सोमालिया, येमेन, पश्चिम आफ्रिका, वेस्ट इंडीज अशा ठिकाणांहून आलेले खलाशी इथे राहत. बिलीचे वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची, आणि घरात अकरा मुले. बिलीची इच्छा एकच, कार्डिफ क्लबाकडून आणि वेल्सकडून खेळायचे. कार्डिफचे मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण तिथून बोलावणे कधी आले नाही.

बोलावणे आले ते विगनहून. मार्च १९५३ मध्ये क्लबाचे पदाधिकारी घरी आले आणि त्यांनी हजार पौंडांच्या नोटा टेबलावर मांडल्या. बिलीला जायचे नव्हते. पाहुणे निघून जावेत म्हणून आईने तीन हजार मागितले. पाहुणे ‘ठीक आहे’ म्हणाले! शब्द दिला गेला होता, मागे फिरता येईना. बिलीने पुढे मुलाखतींत हा प्रसंग सांगितला आहे, आणि त्या दिवशी आपण रडलो हेही. विंग आणि सेंटर अशा दोन्ही जागी खेळत त्याने विगनसाठी ४७८ ट्राय केल्या.

आता प्रश्न पडतो, विगनच्या माणसांना शेकडो मैलांवरून जे दिसले ते कार्डिफच्या माणसांना दाराशी का दिसले नाही? त्यांना रग्बी कळत नव्हती असे तर म्हणता येणार नाही. पण १९८० च्या दशकापर्यंत वेल्सच्या युनियन संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, हा इतिहास आहे. नजर चांगली असून भागत नाही. कोणाकडे पाहायचेच नाही हे आधी ठरलेले असले, तर चांगल्या नजरेचा उपयोग काय?

म्हणून लीगवाल्यांना संत ठरवण्याचेही कारण नाही. त्यांना सामने जिंकायचे होते आणि तिकिटे खपवायची होती. गरजेने त्यांचे डोळे उघडले होते. रॉय फ्रान्सिस हा वेल्सचाच कृष्णवर्णीय खेळाडू सतराव्या वर्षी विगनमध्ये आला, नाव कमावले. पण १९४६ च्या ज्या दौऱ्याचा कर्णधार रिस्मन होता, त्या दौऱ्यातून त्याला वगळले. कारण त्या काळी ऑस्ट्रेलियात वर्णभेद होता. १९५७ च्या विश्वचषकानंतर ब्रिटनचा संघ परतताना दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला थांबला, तेव्हा बोस्टन एकटा घरी आला. त्याच्या ट्राय संघाला हव्या होत्या. त्याच्याबरोबर परत फिरायला मात्र कोणी तयार नव्हते.

रॉय फ्रान्सिस पुढे हल संघाचा प्रशिक्षक झाला. डिसेंबर १९६१ मध्ये त्याच्या संघात एक तरुण सैनिक चाचणीसाठी उतरला. यादीत नाव ‘ए. एन. अदर’. त्याने तीन ट्राय केल्या आणि दुसऱ्या दिवशी करार झाला. तो मुलगा म्हणजे कार्डिफचा क्लाइव्ह सलिव्हन, खेळायचा विंगर म्हणून. लहानपणी त्याच्या पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या की तो नीट चालेल की नाही अशी शंका होती. १९७२ मध्ये तो ब्रिटनचा कर्णधार झाला, ब्रिटनच्या कोणत्याही राष्ट्रीय संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार, आणि त्याच वर्षी संघाने विश्वचषक जिंकला. दाराबाहेर ठेवलेला एक माणूस मैदानाकडे पाहणारा झाला की त्याला काय दिसते, ते यावरून कळावे.

ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननेही पगारी खेळ स्वीकारला. फुटीला नेमकी शंभर वर्षे झाली होती. बंदी संपली, चोरपावलांची गरज उरली नाही. आज क्लबांच्या अकादमी आहेत, चित्रफिती आहेत, मुलाने किती धाव घेतली हे मोजणारी यंत्रे आहेत. यंत्राला धाव मोजता येते. पण शेजाऱ्याला दिलेली मोकळी जागा ओळखायला आणि लवकर वाढलेला मुलगा व उशिरा वाढणारा मुलगा यांतला फरक जाणायला अजूनही कोणीतरी कडेला उभे राहावे लागते.

भारतात परतण्याआधी मी बाबांना त्यांची वही दाखवायला सांगितली. मला वाटले होते, त्यात निवडलेल्या मुलांची नावे असतील. शेवटची पाने वेगळी होती. तिथे त्यांनी नाकारलेल्या आणि पुढे दुसऱ्या क्लबाकडून चमकलेल्या मुलांची नावे होती. प्रत्येकापुढे एक शब्द: ‘हळू’, ‘बारका’, ‘लाजाळू’. एका नावापुढे काहीच नव्हते. मी विचारले. ते म्हणाले, “त्या दिवशी पाऊस होता. मी लवकर घरी गेलो.”

२०२३ मध्ये कार्डिफच्या त्याच गोदीच्या भागात रिस्मन, बोस्टन आणि सलिव्हन यांचा पुतळा उभा राहिला, आणि जून २०२५ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या बिली बोस्टनला ‘सर’ किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळाला. बातमी वाचली तेव्हा मला त्या वहीची शेवटची पाने आठवली. कार्डिफच्या क्लबाने तशी पाने ठेवली असती, तर बिलीच्या नावापुढे त्यांना कोणता शब्द लिहिता आला असता?