मरणाची संमती: बेळगाव-निपाणी सीमाभागातील सल्लेखना आणि जीवरक्षक उपचारांचा प्रश्न

अंतकाळ जवळ आल्यावर व्रत घेऊन टप्प्याटप्प्याने अन्नपाणी सोडण्याला जैन परंपरेत सल्लेखना किंवा समाधिमरण म्हणतात. बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात आणि लगतच्या कोल्हापूर-सांगली भागात शेती करणारा दिगंबर जैन समाज मोठ्या संख्येने आहे. कोणाच्या घरी मराठी बोलली जाते, कोणाच्या घरी कन्नड. या समाजाची दक्षिण भारत जैन सभा १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी येथे स्थापन झाली. सल्लेखनेच्या परंपरेमुळे उपचार कुठवर करावेत, हा प्रश्न या भागात अतिदक्षता विभागांच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा आहे.

सल्लेखनेचे नियम काटेकोर आहेत. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथानुसार उपसर्ग (ओढवलेले संकट), दुष्काळ, वार्धक्य किंवा असाध्य रोग असेल आणि त्यावर काही उपाय उरला नसेल, तरच हे व्रत घेता येते. आधी घन आहार सुटतो, मग दूध-ताकासारखे पदार्थ आणि शेवटी पाणी. जगण्याची आसक्ती या व्रतात दोष मानली आहे. पण लवकर मरण यावे ही इच्छाही तितकाच दोष मानली आहे. सावध मनाने स्वतः दिलेली संमती हा या व्रताचा पाया आहे.

या भागातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आचार्य शांतिसागर यांचे आहे. त्यांचा जन्म १८७२ चा. दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या संगमाजवळचे भोज हे त्यांचे गाव आज निपाणी तालुक्यात आहे. पूर्वाश्रमीचे नाव सातगोंडा पाटील. १९२० साली बेळगाव जिल्ह्यातील यरनाळ येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली. पाऊल टाकताना जीवजंतू टाळणे हा मुनीचा नियम. म्हातारपणी दृष्टी मंदावल्यावर तो पाळता येईना. तेव्हा १९५५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली. सुमारे पाच आठवड्यांनी, १८ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले.

नेमक्या त्याच दशकात वैद्यकाने मरणाचे रूप बदलायला सुरुवात केली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओच्या साथीत रुग्णांना दिवसरात्र कृत्रिम श्वास देण्यात आला आणि त्यातून अतिदक्षता विभागांची वाट मोकळी झाली. पुढे व्हेंटिलेटर आणि नळीतून अन्न यांच्या आधाराने, मेंदूला जबर इजा झालेला माणूसही जगू लागला. त्यात दोन अवस्था निरनिराळ्या आहेत. मेंदूस्तंभाचे काम कायमचे थांबले तर रुग्ण ‘ब्रेन डेड’ ठरतो. भारतात ही व्याख्या १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने केली. दुसऱ्या अवस्थेत श्वास, झोप-जाग चालू राहते, पण जाणीव परतत नाही. वाद मुख्यतः या दुसऱ्या अवस्थेतील रुग्णांचा आहे. सल्लेखनेला लागणारी संमती ते देऊच शकत नाहीत.

हा प्रश्न देशापुढे आणणाऱ्या अरुणा शानबाग उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असताना नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्यांचे अन्न थांबवावे, अशी मागणी करणारी पत्रकार पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट मात्र उघडली. अरुणा यांचे १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजेच सल्लेखना, आत्महत्येसमान ठरवला. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शुद्धीत असतानाच पुढच्या उपचारांबद्दलची इच्छा लिहून ठेवता येईल, असेही ठरले. अशा ‘लिव्हिंग विल’मुळे, म्हणजे इच्छापत्रामुळे, मूक रुग्णाची संमती आगाऊ नोंदवण्याची सोय झाली. २०२३ च्या सुधारणेने हा दस्तऐवज नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करणे पुरेसे ठरले. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांचे मत लागते आणि रुग्णालयाने न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. इच्छापत्र नसेल तर जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते. डॉक्टरांनी विषारी इंजेक्शन देऊन मरण घडवणे मात्र आजही गुन्हाच आहे.

कर्नाटकाच्या आरोग्य विभागाने जानेवारी २०२५ मध्ये या निकालाच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. दुसऱ्या मंडळावरील डॉक्टर नेमण्याची जबाबदारी त्यात जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यावर टाकली आहे. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर इच्छापत्रे जपून ठेवण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये अधिकारी नेमले गेले. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे, म्हणून येथील रुग्ण दोन्ही राज्यांत जातात. निकाल दोन्हीकडे एकच लागू आहे, पण त्याच्या अंमलबजावणीची यंत्रणा प्रत्येक राज्याची वेगळी आहे.