पाण्यातला कुत्रा: खेळाआधीचे कष्ट

कयाकच्या टोकाशी लाइफ जॅकेट घालून बसलेला लॅब्रेडॉर पाहिला की ही हौस अलीकडची, पैसेवाल्यांची वाटते. तिचे मूळ मात्र आज कॅनडात असलेल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मासेमारीत आहे. लॅब्रेडॉरचे पूर्वज असलेले तिथले सेंट जॉन्सचे पाणकुत्रे कॉड मासा धरणाऱ्या कोळ्यांचे कामकरी सोबती होते. गळावरून निसटलेला मासा पकडायचा, दोर तोंडात धरून किनाऱ्याला आणायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांचे आखूड, दाट, पाणी न धरणारे केस आज कौतुकाने कुरवाळले जातात. तेव्हा थंडगार समुद्रात पुन्हापुन्हा उतरणाऱ्या जनावराचा तो निव्वळ बचाव होता.

कोणी म्हणेल, लॅब्रेडॉर घडवला तो ब्रिटिश उमरावांनी, बदकांच्या शिकारीसाठी. ते खोटे नाही. इंग्लंडमधल्या पूल बंदरात न्यूफाउंडलंडच्या जहाजांतून उतरलेले कुत्रे माम्सबरीच्या अर्लांनी घेतले आणि त्यांची पैदास जोपासली. १९०३ मध्ये केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. पण उमरावांनी निवडले ते कोळ्यांच्या कामात आधीच पारखले गेलेले गुण. पोहणे कुत्र्याच्या रक्तातच असते, हा दुसरा आक्षेपही अर्धाच खरा: बुलडॉगला पाण्यात सोडून पाहू नये! खुद्द बेटावर चित्र उलटे होते. १७८० मध्ये गव्हर्नर रिचर्ड एडवर्ड्स यांनी घरटी एकाच कुत्र्याचे बंधन घातले, १८८५ मध्ये कुत्र्यांपासून मेंढ्यांच्या रक्षणाचा कायदा आला. पाणकुत्रे घटत गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मूळ जात नामशेष झाली.