पोराकडे परदेशात सहा महिने : आई-वडिलांचा विमा स्वस्त कोणता अन् कामाचा कोणता?

दर्यापूर : अमेरिकेतल्या किंवा कॅनडातल्या पोरानं तिकीट काढलं, की घरात तयारी सुरू होते ती बॅगांची. कुरड्या, सरगुंडे, लोणचं, तिखट, नातवाचे कपडे. वजनकाट्यावर बॅग चारदा चढते अन् चारदा उतरते. विमा मात्र शेवटच्या आठवड्यात आठवतो, आणि "तिकिटासोबत एजंटनं देल्ला ना काहीतरी" एवढ्यावर विषय संपतो. ते 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, हे बहुतेकांना तिथल्या दवाखान्यात पोचल्यावर समजते.

निवृत्त मास्तर, बँकेतले, वीज मंडळातले, जिल्हा परिषदेतले असे अनेक जण आता दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर भागातून वर्षातले चार-सहा महिने पोरांकडे जातात. कॅनडातले पेन्शनर हिवाळा चुकवायला फ्लोरिडात जाऊन राहतात. आपल्याकडचे लोक बरोबर उलटं, ४५ अंशांचा उन्हाळा चुकवायला निघतात. सुनेचं किंवा लेकीचं बाळंतपण थंडीत आलं तर मात्र ऐन बर्फात जावं लागते. बर्फावर पाय घसरून हाड मोडणं हा तिथला नेहमीचा अपघात आहे. साठीच्या पुढं हाडं ठिसूळ झालेली असतात, म्हणून हिवाळ्यात जाणाऱ्यानं विम्याकडं जास्तच लक्ष द्यावं.

इथलं कार्ड तिथं चालत नाही

पहिला गैरसमज कार्डाचा. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. पण दोन्ही योजना देशातल्या ठरलेल्या दवाखान्यांपुरत्या आहेत. घरचं मेडिक्लेमही बहुतेक वेळा भारतापुरतंच असते.

दुसरा गैरसमज पोराच्या नोकरीचा. पुण्यात, बंगळुरूत कंपनीच्या विम्यात आई-वडील बसतात, म्हणून अमेरिकेतही बसत असतील असं वाटते. तिथं कंपनीच्या विम्यात साधारणपणे नवरा-बायको आणि मुलं एवढीच धरतात. पाहुणे आलेले आई-वडील त्यात येत नाहीत. तिथल्या म्हाताऱ्यांसाठीची मेडिकेअर ही सरकारी योजनाही पाहुण्यांना लागू नाही.

तिथं उपचार नाकारतात, असं मात्र नाही. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार जवळपास प्रत्येक मोठ्या दवाखान्याला आणीबाणीतला रोगी तपासून त्याची तब्येत स्थिर करावीच लागते, खिशात पैसा असो वा नसो. बिल मागून घरी येते. १०८ सारखी फुकट गाडीही तिथं धरू नका, अॅम्ब्युलन्सचं बिलही वेगळं येते.

कुठं सक्ती, कुठं नाही

युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. कॅनडाच्या सुपर व्हिसाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा विमा दाखवावा लागतो. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरलेली पॉलिसी लागते. आधी ती कॅनडाच्याच कंपनीची लागायची. २८ जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचीही चालते, पण ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाच्या यादीत पाहिजे. इंग्लंडमध्ये सक्ती नाही, पण भरती व्हायची वेळ आली तर तिथलं सरकारी रुग्णालय पाहुण्याकडून नेहमीच्या दराच्या दीडपट पैसे घेते.

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची अट नाही. जिथं उपचार सगळ्यात महाग, तिथंच कोणी विचारत नाही, आणि म्हणून विमा तिथंच राहून जातो.

गोम बीपी-शुगरमध्ये

स्वस्त-महाग ठरवायच्या आधी एकच गोष्ट नीट वाचायची : आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसी काय म्हणते. साठीनंतर बीपी नाही, शुगर नाही असं माणूस सापडणं कठीण. हार्ट अॅटॅक आला तर कंपनी पहिले विचारणार, गोळी कधीपासून सुरू आहे?

इथं दोन प्रकारचे विमे समोर येतात. एक भारतीय कंपनीचा. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्या अन् बऱ्याच खासगी कंपन्या तो देतात, हप्ता रुपयात असतो. तो निघायच्या आधी घ्यायचा असतो. यातल्या बऱ्याच पॉलिसींत जुना आजार वगळलेला असतो, किंवा जीव धोक्यात आला तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे मिळतात. शिवाय साठीनंतर पोटमर्यादा लागतात : खोलीचे रोजचे इतके, ऑपरेशनचे इतके, डॉक्टरचे इतके. वर ठळक अक्षरात ५०,००० डॉलर लिहिलेलं असते, आतल्या पानावर मात्र त्याचे बारीक बारीक तुकडे असतात.

दुसरा प्रकार अमेरिकन 'व्हिजिटर इन्शुरन्स'. तो पोरगा तिथून ऑनलाइन घेऊ शकतो, आई-वडील पोचल्यावरही घेता येतो. त्यातही दोन जाती. 'फिक्स्ड बेनिफिट' स्वस्त असते, कारण प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम देते अन् बाकी तुमच्यावर. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' महाग असते, पण ठरलेला वाटा सोडून उरलेलं बिल मर्यादेपर्यंत भरते. जुन्या आजारासाठी यात 'अॅक्यूट ऑनसेट' नावाची सोय असते. म्हणजे स्थिर असलेला आजार एकाएकी उसळला आणि २४ तासांत वगैरे उपचार घेतले, तर पैसे मिळतात. नेहमीची तपासणी, शुगरच्या गोळ्या, हळूहळू वाढलेला त्रास यात येत नाही. काही योजनांत ही सोय ७० व्या किंवा ८० व्या वर्षी कमी होते किंवा बंद होते. वाढदिवस जवळ असेल तर वय कोणत्या तारखेला धरतात, हे आधी विचारावं.

हिशेब समजण्यापुरतं एक उदाहरण घेऊ. डॉलर ९० रुपये धरा, बिल २०,००० डॉलरचं, म्हणजे १८ लाख रुपये. कॉम्प्रिहेन्सिव्ह योजनेत पहिले २५० डॉलर तुमचे, पुढच्या ५,००० मधले २० टक्के तुमचे, नंतर सगळं कंपनीचं असं धरलं तर तुमच्या खिशातून १,२५० डॉलर, म्हणजे १ लाख १२ हजार ५०० रुपये जातात. फिक्स्ड योजनेनं त्याच बिलावर ७,००० डॉलर दिले, तर उरलेले १३,००० डॉलर म्हणजे ११ लाख ७० हजार रुपये घरचे. हप्त्यात वाचलेले काही हजार यापुढं काय कामाचे?

आजार लपवून हप्ता कमी करायचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. क्लेम आला की कंपनी भारतातल्या डॉक्टरचे जुने कागद मागू शकते, आणि लपवलेलं सापडलं की सगळाच दावा जातो. फॉर्म एजंटनं भरला असला तरी खाली सही आपलीच असते. म्हणून तो कोणाकडून तरी मराठीत वाचून घ्यावा, मगच सही करावी.

पैसे वाचवायचे तर इथं वाचवा

सामान हरवणं, विमान उशिरा येणं यांची भरपाई असलेली जाडी पॉलिसी बुढाबुढीच्या काही कामाची नाही. वैद्यकीय रक्कम मोठी, बाकी कमी, हे परवडते. 'डिडक्टिबल', म्हणजे पहिला आपला वाटा, १०० ऐवजी ५०० डॉलर ठेवला की हप्ता खाली येतो. ५०० डॉलर पोरगा भरू शकते, ५०,००० नाही. दोघांची पॉलिसी वेगवेगळी काढून पाहावी; नवरा ७१ अन् बायको ६४ असेल तर एकत्र काढून तिच्या वयाचा फायदा जाऊ शकते. वर्षाची 'मल्टी-ट्रिप' पॉलिसी स्वस्त दिसते, पण तिच्यात एका प्रवासाला ३०-४५ दिवस अशी मर्यादा असते. सहा महिने राहणाऱ्यानं तिच्या नादी लागू नये.

दिवस मोजून घ्यावे, अन् मुक्काम वाढणार असेल तर पॉलिसी संपायच्या आधी वाढवून घ्यावी. एकदा संपली की नव्या पॉलिसीत मधल्या काळात सुरू झालेला आजारही 'जुना' ठरतो. भारतीय पॉलिसी बहुधा १८० दिवसांची असते, पुढं वाढवायला कंपनीची मंजुरी लागते. सत्तरीनंतर काही कंपन्या ईसीजी, रक्त-लघवीची तपासणी मागतात. ते अमरावती-अकोल्यात होऊन जाते, पण आठवडा हाताशी पाहिजे.

गोळ्या सोबतच न्याव्या, पूर्ण मुक्कामाच्या, मूळ पट्ट्यांमध्ये, इंग्रजी चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडपेक्षा औषधाचं मूळ नाव असावं, कारण आपल्याकडचा ब्रँड तिथल्या मेडिकलवाल्याला माहीत नसतो. आता बेलोऱ्याहून मुंबईचं विमान एप्रिल २०२५ पासून आहे, बरेच जण मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याहून रेल्वेनं जातात. कसंही गेलं तरी गोळ्या अन् पॉलिसीचा कागद हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही.

तिथं काही झालं तर

ताप, खोकला, लघवीची जळजळ असेल तर मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत न जाता 'अर्जंट केअर'मध्ये जावं, बिलात मोठा फरक पडते. शक्यतो विम्याच्या नेटवर्कमधलंच केंद्र पाहावं. छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर विचार न करता ९११. भरती झाल्यावर पोरानं लगेच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवावं. उशीर हे दावा अडकायचं नेहमीचं कारण असते. बिलं, डॉक्टरचे अहवाल, पासपोर्टवरच्या शिक्क्याची प्रत, बोर्डिंग पास सांभाळून ठेवावे. पॉलिसीत मृतदेह मायदेशी आणायचा खर्च आहे का, हेही निघण्याआधी पाहून घ्यावं. विषय घरात काढवत नाही, पण तो खर्चही लाखांत जातो.

भारतीय कंपनीनं दावा नाकारला तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार करावी. आयआरडीएआयचा टोल फ्री क्रमांक १५५२५५ किंवा १८०० ४२५४ ७३२, ऑनलाइन 'बिमा भरोसा' पोर्टल. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जाता येते. तिथं फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. पोरानं अमेरिकेत घेतलेल्या पॉलिसीला हा रस्ता नाही. तिची तक्रार तो राहते त्या राज्याच्या विमा विभागाकडं त्यालाच करावी लागते.