नोकरांचा संघ आणि गांवचा कारभार

कारखान्याच्या मालकाशीं मजुरांनीं एकजुटीनें वेतनाचा करार करावा, ही गोष्ट आतां कोणास नवी वाटत नाहीं. पण धनी जर म्युनिसिपालिटी किंवा शाळामंडळ असेल, म्हणजे पर्यायानें कर भरणारा गांवकरीच असेल, तर नोकरांस तोच हक्क असावा काय? मजुरांचे कैवारी म्हणून गाजलेले अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनींसुद्धां सन १९३७ मध्यें एका पत्रांत असा अभिप्राय दिला होता कीं, सामुदायिक वाटाघाटीची पद्धति सरकारी नोकरींत जशीच्या तशी आणतां येणार नाहीं. या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें विस्कॉन्सिन या एकाच अमेरिकन संस्थानानें देऊन पाहिलीं, म्हणून त्याचा इतिहास मननीय आहे.

तेथील संघाचा जन्म पगारवाढीच्या हांवेंतून झाला नाहीं, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. सन १९०५ च्या कायद्यानें, ज्याचा मसुदा अर्थशास्त्रज्ञ जॉन कॉमन्स यांनीं केला होता, संस्थानच्या नोकऱ्या परीक्षेनें मिळूं लागल्या होत्या. सन १९३२ मध्यें सत्तांतराचीं चिन्हें दिसूं लागतांच वशिल्याचें राज्य पुन्हा येईल या धास्तीनें मॅडिसन या राजधानींतील कांहीं नोकरांनीं संघ काढला. देशभरच्या सार्वजनिक नोकरांचा जो प्रचंड महासंघ पुढें उभा राहिला, त्याचें हें बीज. सन १९५९ मध्यें गव्हर्नर गेलॉर्ड नेल्सन यांच्या कारकीर्दींत स्थानिक संस्थांच्या नोकरांस संघ करून वाटाघाट करण्याचा हक्क कायद्यानें मिळाला. असा कायदा करणारें हें अमेरिकेंतील पहिलें संस्थान होय. संपाला मात्र बंदी होती.

हक्क आहे, पण तो वठविण्याचें साधन नाहीं, अशा स्थितींत काय होतें तें हॉर्टनव्हिल या लहानशा गांवीं दिसलें. कराराची बोलणी फिसकटलीं तेव्हां मार्च १९७४ मध्यें तेथील शिक्षकांनीं कायदा मोडून संप केला, आणि शाळामंडळानें ऐंशीहून अधिक शिक्षकांस कामावरून काढलें. वाटाघाटींत जें मंडळ प्रतिपक्ष होतें तेंच न्यायासनावरहि बसलें! तरी सन १९७६ मध्यें देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं मंडळाचाच पक्ष उचलून धरला. लहान गांवांत शिक्षक, शाळामंडळाचा सभासद व करदाता रोज एकमेकांच्या दृष्टीस पडतात. तेथें अशा जखमा लवकर भरून येत नाहींत.

यावर उपाय म्हणून सन १९७७ मध्यें लवादाचा कायदा झाला. दोन्ही पक्षांनीं आपली अखेरची मागणी लिहून द्यावी, आणि लवादानें त्यांतील एक संबंधच्या संबंध स्वीकारावी. मधला आंकडा काढण्याची त्यास मुभा नाहीं. अवास्तव मागणारा हरण्याचाच संभव अधिक, म्हणून उभयतांस आपोआप संयम शिकावा लागे. संप जवळजवळ थांबले. परंतु गांवच्या खर्चाचा निर्णय गांवाबाहेरचा मनुष्य करूं लागला, ही करदात्यांची तक्रार अगदींच खोटी म्हणतां येणार नाहीं. सन १९९३ मध्यें शाळामंडळांच्या उत्पन्नावर संस्थाननें मर्यादा घातली, आणि शिक्षकांवरील एकूण खर्चांत ३.८ टक्के वाढ देऊं करणाऱ्या मंडळास लवाद टाळण्याची सवड दिली. माझ्या मतें गांवच्या हातचा तराजू राजधानीनें घेतला तो या वर्षीं. पुढें सन २०११ मध्यें झालें तें त्याचेंच मोठें रूप.

त्या वर्षीं गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनीं विधेयक आणलें. वाटाघाट फक्त मूळ वेतनापुरती, तीहि महागाईच्या प्रमाणांत. वर्गणी पगारांतून कापावयाची नाहीं. आणि संघानें दरसाल सर्व नोकरांच्या बहुमतानें आपलें अस्तित्व सिद्ध करावयाचें. पोलीस व आगीच्या बंबवाल्यांस यांतून वगळलें होतें. त्याचें समर्थन मला पटलेलें नाहीं. गणसंख्या पुरी होऊं नये म्हणून विरोधी पक्षाचे चौदा सभासद शेजारच्या इलिनॉय संस्थानांत निघून गेले, राजधानीची इमारत निदर्शकांनीं व्यापली, तरी मार्चमध्यें कायदा झालाच. हा कायदा स्थानिक संस्थांस मोकळीक देण्यासाठीं आहे असें सांगण्यांत आलें. पण तो अंमलांत येण्यापूर्वीं अनेक शाळामंडळांनीं व म्युनिसिपालिट्यांनीं घाईघाईनें संघांशीं करार वाढवून घेतले! शिवाय त्याच वर्षींच्या अंदाजपत्रकानें शाळांच्या दर विद्यार्थ्यामागील उत्पन्नाची मर्यादा ५.५ टक्क्यांनीं खालीं आणली. नोकरांच्या पेन्शन व विम्याच्या हप्त्यांतून जी बचत झाली, ती बरीचशी या खळग्यांत गेली.

मोकळीक अगदींच कागदी होती असें नव्हे. कांहीं मंडळांनीं सेवेच्या वर्षांऐवजीं गुणांवर पगार ठरविले, व चांगले शिक्षक तिकडे ओढले गेले. मात्र जेथें ज्यानें त्यानें आपल्या पगाराची घासाघीस करावयाची, तेथें तरुण शिक्षिकांचे पगार बरोबरीच्या पुरुषांहून मागें पडूं लागले, असें बार्बरा बियासी या अर्थशास्त्रज्ञेच्या संशोधनांत आढळलें.

सन २०१४ मध्यें संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें कायदा वैध ठरविला. डिसेंबर २०२४ मध्यें डेन कौंटीच्या न्यायाधीशानें त्यांतील पुष्कळ कलमें घटनाबाह्य ठरविलीं, व त्यावर अपील झालें. इकडे उत्पन्नाची मर्यादा ओलांडण्यास मतदारांची संमति लागते, म्हणून सन २०२४ या एकाच वर्षांत शाळामंडळांनीं दोनशेंहून अधिक प्रश्न मतास टाकले, आणि बहुतेक ठिकाणीं गांवकऱ्यांनीं आपण होऊन जादा कर मान्य केला.